अनोळखी रॉकाबिली शोधायचीय? गायकाचं नाव सोडा, नंबर बघा

रॉकाबिली (1950 च्या दशकातलं कंट्रीच्या वळणाचं अमेरिकन रॉक अँड रोल) म्हटलं की सगळे मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स कंपनीपाशी जाऊन थांबतात, एल्विस, कार्ल पर्किन्स, झालं. पण खरी मजा टेक्सास, केंटकी, ओहायोकडच्या त्या पोरांची आहे ज्यांनी स्वतःच्या खिशातून एखादीच रेकॉर्ड काढली आणि परत आपापल्या कामाला लागले. ह्यांचं नाव सर्च करून काय मिळणार, दुसरं काही केलेलंच नसतं!

म्हणून डिस्कॉग्ज किंवा फॉर्टीफाइव्हकॅट ह्या रेकॉर्डांची यादी ठेवणाऱ्या वेबसाइटवर जा आणि रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलचा फोटो मोठा करून बघा. कधी न ऐकलेलं कंपनीचं नाव, रेकॉर्डचा नंबर पाचशे-सहाशेच्या घरात आणि पब्लिशर स्टाराइट असेल तर ती बहुतेक स्टारडेची कस्टम, म्हणजे पैसे घेऊन छापून दिलेली रेकॉर्ड. स्टारडे म्हणजे 1952 ला टेक्सासात जॅक स्टार्न्स आणि पॅपी डेलीने काढलेली कंपनी, दोघांची आडनावं जोडून नाव केलंय. स्कीम साधी होती, तुम्ही टेप आणि पैसे पाठवा, आम्ही थोड्याशा कॉपी छापून देतो, लेबलला नाव तुम्हाला हवं ते द्या. पण नंबर मात्र स्टारडेच्याच ओळीतला पडायचा, त्यामुळे एक सापडली की मागचापुढचा नंबर टाकून बघत जायचं. बरंच रडकं कंट्री आणि गॉस्पेल निघतं (तेही ऐका, वाईट नसतं) आणि मधेच एखादं असं निघतं की बास.

लेबलवर साल बहुतेक वेळा नसतंच. मग गाणं संपल्यावरची लेबलभोवतीची गुळगुळीत पट्टी बघा, तिथे एक कोड कोरलेला असतो. आरसीए ह्या बड्या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यात छापलेली असेल तर कोडचं पहिलं अक्षर म्हणजे साल, जी 1956, एच 1957, जे 1958, के 1959, आय वगळलाय. साल कळलं की वर्ल्ड रेडिओ हिस्ट्री ह्या वेबसाइटवर बिलबोर्ड ह्या संगीतधंद्याच्या मासिकाचे त्या वर्षीचे स्कॅन चाळा, छोट्या लेबलांचेही दोन-दोन ओळींचे रिव्ह्यू असायचे त्यात.

नुसतं ऐकायचं असेल तर जर्मनीच्या बेअर फॅमिली ह्या रेकॉर्ड कंपनीच्या सीडी बघा, सोबतची पुस्तिका पण भारी असते.

ओरिजिनल विकत घेणार असाल तर ती नेहमीच्या व्हिनाइलऐवजी स्टायरीन ह्या प्लास्टिकची आहे का ते आधी विचारा. बोथट सुईने स्टायरीन आतून झिजतं, वरून चकाचक दिसतं आणि वाजवल्यावर नुसती खरखर, म्हणून फोटोवर जाऊ नका, वाजवलेली क्लिप मागा.