आयरिश पूर्वज शोधताय? मग या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत आयरिश वंशाचे जावई-सुना आता काही नवीन नाहीत, आणि नातवंडं झाली की कोणाच्या तरी डोक्यात वंशावळीचा किडा वळवळतोच. मग रात्री लॅपटॉप उघडून 'पॅट्रिक मर्फी, कॉर्क' टाकायचं, ढिगाने पॅट्रिक मर्फी आले की कपाळाला हात लावायचा.

चूक इथेच होते. सुरुवात आयर्लंडपासून करूच नका, तो माणूस जिथे जाऊन राहिला तिथले कागद आधी उपसा. कारण आयर्लंडमधल्या जुन्या नोंदी टाउनलँडवर चालतात, म्हणजे गावाहूनही लहान जमिनीचा तुकडा, असे 60 हजारांहून जास्त आहेत आणि तो किंवा निदान पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, माहीत नसेल तर नुसतं चाचपडणं होतं. तो सापडतो चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत, पेपरातल्या निधनवार्तेत, नाहीतर थडग्यावरच्या दगडावर. नागरिकत्वाच्या जुन्या कागदांवर बरेचदा नुसतं 'आयर्लंड' असतं, त्यांच्यावर फार विसंबू नका. थेट त्याचं काही मिळत नसेल तर भावाबहिणींचं बघा, लग्नातल्या साक्षीदारांचं बघा, कारण कोकणातले चाकरमानी गिरणगावात गावकीच्या खोलीवर उतरायचे तसंच हेही आपल्याच गाववाल्यांच्या आसऱ्याने राहायचे.

आणि 'आम्ही कॉर्कचे' हे घरात ऐकलेलं वाक्य जपून घ्या. कित्येकजण क्वीन्सटाउन बंदरातून, म्हणजे आजच्या कोव्हमधून बोटीत बसले, ते बंदर कॉर्कमध्ये, माणूस मात्र शेजारच्या केरी काउंटीचाही असू शकतो.

'सगळं 1922 ला जळालं' म्हणून हात टेकणारेही खूप. डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं रेकॉर्ड ऑफिस 30 जून 1922 ला उद्ध्वस्त झालं हे खरं, 1821 ते 1851 च्या जनगणना बहुतेक तिथेच गेल्या. पण 1861 आणि 1871 च्या जनगणना सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या, 1881 आणि 1891 च्या जनगणना पहिल्या महायुद्धात लगदा करायला गेल्या, दोष सगळा आगीचा नाही. कॅथलिक पॅरिशच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या मात्र चर्चमध्येच होत्या म्हणून वाचल्या, नॅशनल लायब्ररीने त्या साधारण 1880 पर्यंतच्या स्कॅन करून फुकट ठेवल्यात. पश्चिमेकडच्या बऱ्याच वह्या उशिरा सुरू होतात, तेव्हा आधी वही कुठल्या वर्षापासून आहे ते बघा आणि मगच डोळे फोडा. तसंच सरकारी जन्मनोंदणी सगळ्यांसाठी 1864 पासून, दुष्काळात 1847 ला निघून गेलेल्याचा जन्म तिथे शोधणं म्हणजे फुकटची मेहनत.

ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन (1847 ते 1864), म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची मोजदाद, यात नाव दिसलं की लोक लगेच उड्या मारतात. जरा थांबा. त्यात फक्त जमीन किंवा घर ज्याच्याकडे होतं त्याचं नाव, मालकाचं नाव, क्षेत्रफळ आणि किंमत, बायकामुलं काही नाहीत. एकाच टाउनलँडमध्ये दोन जॉन केली असले तर नावापुढे कंसात बापाचं नाव किंवा केसांचा रंग टाकलेला असतो, तो वाचायचा राहून जातो आणि भलताच माणूस आपल्या वंशावळीत घुसतो. शिवाय यातली पॅरिश सरकारी, कॅथलिक पॅरिश वेगळी, दोन्हींच्या हद्दी जुळतीलच असं नाही.

नावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. आडनावापुढचा 'ओ' कधी गळतो कधी परत येतो, ब्रिजेटची पुढे डेलिया होते. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरित तपासणी केंद्रावर, क्लार्कने आडनाव बदललं ही तर निव्वळ दंतकथा, ते बोटीच्या यादीवरून नावं तपासायचे, आणि एलिस आयलंड सुरूच झालं 1892 ला.

वयावर तर अजिबात विश्वास नको. 1909 पासून 70 वर्षांवरच्यांना पेन्शन सुरू झाली, आणि 1901 आणि 1911 च्या जनगणनांमधल्या दहा वर्षांत कित्येक म्हातारी माणसं कागदावर चांगली पंधरा-पंधरा वर्षांनी मोठी झाली. जन्मतारखेचंही तेच, नोंदवायला उशीर झाला तर दंड बसायचा म्हणून तारीख पुढे ढकलायचे, त्यामुळे बाप्तिस्मा जन्माच्या आधी दिसला तर माणूस चुकीचा समजून सोडून देऊ नका, आईबापांची नावं आणि टाउनलँड जुळतोय का ते बघा.