स्तन लघुकरण शस्त्रक्रिया : निर्णयापासून नव्या ब्लाउजपर्यंत

स्तनांच्या आकाराची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाणे हे आपल्याकडे अजूनही नटण्यामुरडण्याच्या खात्यात जमा होते. मान, खांदे आणि पाठ सतत भरून येणे, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर कायमच्या खोबणी पडणे, उन्हाळ्यात स्तनांखालच्या घडीतली त्वचा घामाने चिघळून तिथे वारंवार बुरशीचा संसर्ग होणे, या त्रासांचा नटण्याशी काहीही संबंध नाही. त्यांच्या जोडीला पोक काढून चालण्याची सवय, गर्दीच्या लोकलमध्ये पर्स छातीशी घट्ट धरून उभे राहणे, ओढणी सरकली की दचकणे आणि धावणे-पोहणे कायमचे सोडून देणे, हा सगळा संकोच वाढत जातो. स्तनांचे वजन आणि आकार कमी करणारी शस्त्रक्रिया या दोन्ही बाजूंवर उपयोगी पडते. मात्र ती केव्हा, कोणाकडून आणि कोणत्या अपेक्षेने करून घ्यायची, हे आधी ठरवावे लागते.

तक्रार आधी कागदावर मांडावी

पहिले काम वहीपेनाचे आहे. काय दुखते, कधीपासून दुखते, कोणती कामे टाळावी लागतात आणि कोणते कपडे घालणे सोडून दिले आहे, हे साध्या शब्दांत लिहून काढावे. त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे ‘हे वजनामुळे होते की इतरांच्या बोलण्यामुळे?’ असा प्रश्न ठेवावा. वजनामुळे होणारा त्रास शस्त्रक्रियेने बऱ्याच अंशी जातो. नवऱ्याचे दुर्लक्ष, मोडलेले लग्न किंवा नातेवाइकांचे टोमणे यांवर मात्र टाक्यांचा इलाज नाही, आणि त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रीच्या पदरी निराशा येण्याची शक्यता अधिक असते. आरशासमोर दिवसाचे कित्येक तास जात असतील किंवा इतरांना न दिसणारा दोष आपल्याला सतत छळत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. चांगला सर्जन स्वतःच तसे सुचवतो.

याच काळात योग्य मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रा एखाद्या जाणकार दुकानात मोजून घ्यावी. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया वर्षानुवर्षे चुकीचे माप वापरतात: छातीचा घेर मोठा, कप लहान, आणि त्यामुळे सगळा भार खांद्यांवर. माप बदलल्याने थोडा आराम पडतोही, आणि पडला नाही तर तीही माहितीच ठरते. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट किंवा त्वचारोगतज्ज्ञ यांच्याकडे पूर्वी जाणे झाले असल्यास त्या चिठ्ठ्या फाइलमध्ये लावून ठेवाव्यात, कारण पुढे विम्याच्या वेळी त्यांची गरज लागते.

तक्रार वजनाची नसून बाळंतपणानंतर किंवा वजन उतरल्यावर आलेल्या ओघळलेपणाची असेल, तर केवळ स्तन उचलून घेण्याची शस्त्रक्रिया पुरते. आकार वाढवण्यासाठी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवण्याचा मार्ग पूर्णपणे वेगळा आहे. इम्प्लांट जन्मभराचे नसतात, ते पुढे बदलावे किंवा काढावे लागू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शिफारशीनुसार सिलिकॉन इम्प्लांटची पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी तपासणी पाच-सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी करायची असते. हा खर्च आणि ही देखरेख मान्य असेल तरच त्या वाटेला जावे. इथून पुढचे सारे लघुकरणाविषयी आहे.

योग्य वेळ

स्तनांची वाढ पूर्ण झालेली असावी, म्हणजे साधारणपणे अठरा वर्षांनंतरच या शस्त्रक्रियेचा विचार करावा. वजन काही महिने स्थिर असावे, कारण नंतर पंधरा किलो वाढले किंवा उतरले तर आकार पुन्हा बदलतो. स्तनपान थांबून निदान सहा महिने झालेले असावेत. पुढे मूल हवे असेल तर हा मुद्दा सर्जनशी उघडपणे बोलावा: शस्त्रक्रियेत दुधाच्या काही नलिका कापल्या जातात, त्यामुळे अनेकींना नंतर स्तनपान करता येते, तर काहींना वरचे दूध द्यावे लागते, आणि आपण कोणत्या गटात असू याची हमी आधी कोणीच देऊ शकत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी स्तनांची तपासणी झालीच पाहिजे. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि तरुण वयात बहुधा सोनोग्राफी सांगितली जाते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नये.

सर्जन कसा निवडावा

‘कॉस्मेटिक सर्जन’ अशी पाटी लावलेला प्रत्येक जण प्लास्टिक सर्जन असतोच असे नाही. एम.बी.बी.एस. आणि एम.एस.नंतरची प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (अलीकडे डीआर.एन.बी.) ही पदवी पाहावी, आणि महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे ना, हे तपासून घ्यावे. या विषयाचा आपल्याकडचा वारसा जुना आहे: नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, आणि मुंबईत केईएम व शीव या महापालिकेच्या रुग्णालयांतही हे विभाग आहेत. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर या मोठ्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात जरूर जावे. तिथे थांबावे लागते, परंतु केवळ सरकारी आहे म्हणून तो मार्ग कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही.

भेटीला जाताना सोबत बहीण, मैत्रीण किंवा आई असावी. तपासणीच्या वेळी खोलीत महिला कर्मचारी हजर असणे हा आपला हक्क आहे, त्यात संकोच करू नये. सर्जनला पुढील गोष्टी नेमक्या विचाराव्यात: वर्षभरात अशा किती शस्त्रक्रिया करता, भूलतज्ज्ञ कोण असतील, रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे का, रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर फोन कोण उचलेल. शेवटच्या प्रश्नाला जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडे न गेलेले बरे.

छेद कुठे येतील हे कागदावर काढून दाखवायला सांगावे. सर्वसाधारणपणे स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने एक आणि तिथून सरळ खाली एक असा छेद घेतात. स्तन फार मोठे असल्यास स्तनाखालच्या घडीतून आडवा छेदही घ्यावा लागतो, आणि मग व्रणांचा आकार जहाजाच्या नांगरासारखा दिसतो. स्तनाग्र बहुतेक वेळा कापून वेगळे करत नाहीत. रक्तपुरवठा टिकवणाऱ्या ऊतींच्या पट्ट्यावर ठेवूनच ते वर सरकवतात. तरीही स्तनाग्राची संवेदना कमी होणे, दोन्ही बाजूंत किंचित फरक राहणे, उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात तिथे जखम उशिरा भरणे, रक्त साकळणे आणि क्वचित स्तनाग्राचा रक्तपुरवठा बिघडणे हे धोके खरे आहेत. आपल्या सावळ्या त्वचेत जाड, उंचावलेले व्रण होण्याची प्रवृत्ती अधिक असते. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर गाठीसारखा व्रण उठला असेल तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये, आपणहून सांगावे. ‘मला अमुक कप हवा’ असा आग्रह धरण्यापेक्षा शरीराच्या बांध्याला काय शोभेल आणि रक्तपुरवठा सांभाळून किती ऊती काढता येतील, यावर बोलणे अधिक फलदायी ठरते.

पैसा, कागद आणि संमती

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याचा थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरणारे उपचार यांचा त्याला अपवाद आहे. लघुकरण या अपवादात बसते का, यावर कंपनी वाद घालण्याची शक्यता मोठी असते. म्हणून पाठदुखीची आणि त्वचेच्या उपचारांची कागदपत्रे जोडून आधीच लेखी मंजुरी मागावी. तोंडी आश्वासनावर दाखल होऊ नये. अंदाजपत्रकात शस्त्रक्रियागृह, भूल, खोली, औषधे, दाबाची ब्रा (शस्त्रक्रियेनंतर स्तनांना आधार देण्यासाठी घालायची घट्ट ब्रा), काढलेल्या ऊतींची तपासणी आणि लागू असल्यास जीएसटी, हे सारे वेगवेगळे लिहून घ्यावे. गुंतागुंत होऊन पुन्हा शस्त्रक्रियागृहात जावे लागले तर त्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर यावे.

संमतीपत्रावर सही आपली असते. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या स्त्रीच्या उपचाराला तिचीच संमती लागते आणि ती दुसरे कोणी तिच्या वतीने देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. तेव्हा नवऱ्याची सही नाही म्हणून कोणी अडवत असेल तर शांतपणे हे लक्षात आणून द्यावे. आधीचे आणि नंतरचे फोटो उपचाराच्या नोंदीसाठी काढतात. ते जाहिरातीत किंवा समाजमाध्यमांवर वापरण्याची परवानगी मात्र वेगळी असते, आणि ती न देण्याने उपचारात काहीही फरक पडता कामा नये.

आधीचे काही आठवडे

सिगारेट ओढत नाही म्हणून तंबाखूचा प्रश्न मिटला, असे समजू नये. घरात मिश्री लावणाऱ्या स्त्रिया हे डॉक्टरांना सहसा सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. पण निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात जाते, बारीक रक्तवाहिन्या आक्रसवते आणि वर सरकवलेले स्तनाग्र तसेच त्वचेच्या कडा धोक्यात आणते. मिश्री, तंबाखू आणि गुटखा शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी बंद व्हायला हवेत आणि जखमा भरेपर्यंत बंदच राहायला हवेत. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या आणि आयुर्वेदिक किंवा घरगुती औषधे यांची पूर्ण यादी डॉक्टरांना द्यावी, आणि कोणती कधी थांबवायची हे त्यांनीच ठरवावे. स्वतःच्या मनाने काही बंद करू नये.

घराची तयारीही याच काळात करावी. रोजचे डबे, तेल, भांडी ओट्याच्या उंचीवर आणून ठेवावीत. पुढून उघडणारे गाऊन आणि सैल शर्ट काढून ठेवावेत. शक्य असेल तर हिवाळ्यातली तारीख घ्यावी, कारण दिवसरात्र दाबाची ब्रा घालून एप्रिल-मे काढणे जिवावर येते.

शस्त्रक्रियेचा दिवस

भूल देण्यापूर्वी सर्जन रुग्णाला सरळ उभे करून मार्करने रेषा आखतात. आडवे झाल्यावर स्तन बाजूला ओघळतात आणि मापे फसतात, म्हणून हे काम उभ्यानेच होते. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर टेपने मोजले जाते. या दहापंधरा मिनिटांत आरसा मागून घेऊन रेषा पाहाव्यात आणि शंका असेल तर तेव्हाच विचारावी. पूर्ण भुलीखाली दोन ते चार तास शस्त्रक्रिया चालते, गरजेप्रमाणे द्रव बाहेर काढणाऱ्या नळ्या ठेवल्या जातात आणि बहुधा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्याच संध्याकाळी धरून का होईना, चालवतात. काढलेल्या ऊती तपासणीसाठी पाठवल्या आहेत ना, हे घरच्यांनी विचारून घ्यावे.

घरी आल्यानंतर

पहिला आठवडा सूज, काळेनिळे डाग आणि ताणल्यासारख्या दुखण्याचा असतो. दोन-तीन उशा पाठीशी घेऊन, पाठीवरच झोपावे. एका बाजूची सूज अचानक वाढून स्तन कडक होणे, ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, स्तनाग्राचा रंग काळपट पडणे, पोटरी दुखून सुजणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर उद्याची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जावे. टाक्यांवर हळद, खोबरेल तेल, कोरफड असे काहीही आपल्या मनाने लावू नये.

साधारण दोन आठवड्यांनी बैठे काम सुरू करता येते. घरकाम मात्र दिसते तितके हलके नसते. कणीक मळताना आणि पोळ्या लाटताना छातीचे स्नायू सतत जोर लावतात, भरलेला कुकर उचलताना टाक्यांवर थेट ताण येतो, आणि हंडा, पाण्याची बादली, गॅसची टाकी, कडेवरचे मूल ही तर उघड ओझी आहेत. ही सगळी कामे चार ते सहा आठवडे दुसऱ्या कोणी करायची आहेत. ‘बसल्याबसल्या चार पोळ्या लाटून दे’ असे म्हणणाऱ्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेले बरे. त्यासाठी पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत न्यावे. स्कूटर, व्यायाम आणि पोहणे सर्जनच्या परवानगीनंतरच.

या काळात मन खाली-वर होते. आरशात दिसणारे स्तन आधी चौकोनी, फार वर आणि परके वाटतात, तेव्हा रडू येणे किंवा ‘हे काय करून बसले’ असे वाटणे अनेकींच्या वाट्याला येते. सूज उतरत जाते आणि आकार खाली स्थिरावतो, त्याला सहा महिने ते वर्ष लागते. त्याआधी निकालाविषयी मत बनवू नये. जखमा पूर्ण भरल्यावर सर्जन सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा जेल देतात, व्रण वर्ष-दीड वर्ष फिकट होत राहतात, पण पुसले जात नाहीत. हे खोडरबराचे काम नाही, हे शस्त्रक्रियेआधीच मनाशी पक्के असावे.

एक गोष्ट सर्जन सहसा बोलत नाहीत. वजन गेले तरी पोक आपोआप जात नाही, कारण शरीराला वर्षानुवर्षांची सवय लागलेली असते. सहा आठवड्यांनंतर फिजिओथेरपिस्टकडून खांदे मागे घेण्याचे आणि पाठीच्या वरच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत. सोडून दिलेली एखादी गोष्ट, मग ते पहाटेचे धावणे असो वा गरब्यात नाचणे, ठरवून पुन्हा सुरू करावी. ताठ उभे राहण्याची सवय अशा वापरातूनच लवकर मुरते. लैंगिक संबंधांविषयी जोडीदाराशी आधीच बोलून ठेवावे: स्पर्श काही महिने बधिर किंवा अतिसंवेदनशील असू शकतो, आणि तो पूर्वीसारखा होईलच असे नाही.

नवे ब्लाउज शिवायला टाकण्याची घाई करू नये. पहिले सहा महिने मऊ, तारा नसलेल्या ब्रा आणि साधे, ताणले जाणारे ब्लाउज वापरावेत, आणि आकार बसल्यावर शिंप्याकडे जुने माप न देता सगळी मापे नव्याने द्यावीत. ऊतींच्या तपासणीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेची टिपणे फाइलमध्ये कायम जपावीत. लघुकरणानंतर आतले व्रण आणि मृत चरबीच्या गाठी मॅमोग्राफीत संशयास्पद दिसू शकतात. म्हणून पुढे कधीही स्तनांची तपासणी करताना ही शस्त्रक्रिया झाल्याचे रेडिओलॉजिस्टला आधी सांगावे, आणि नवी गाठ हाताला लागली तर ती ‘ऑपरेशनचीच असेल’ असे स्वतः ठरवून न टाकता दाखवून यावी.