गुप्त मंडळाची कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात नवीन लिहिणारी पोरं बाडं आणून देतात, ‘सर, जरा नजर घाला’ म्हणतात. हल्ली त्यातली निम्मी गुप्त संघटना आणि सांकेतिक लिपीवाली. चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यात मोठी चूक संकेतात. तो कोणी बनवला, कोणापासून लपवायला, याचा विचारच केलेला नसतो. एका पोट्ट्याच्या बाडात तेराव्या शतकातला ताम्रपट होता. त्यावर आकडे: 7-15-12-4. पुण्याहून आलेला संशोधक नायक त्यापायी पानंच्या पानं डोकं खाजवतो. वाचनालयात बैठकीत वाचन सुरू झालं आणि आठवीतली एक पोरगी मधेच ओरडली, ‘गोल्ड!’ एबीसीडीतलं सातवं, पंधरावं, बारावं, चौथं अक्षर. मी म्हटलं, ‘काबे, यादवांच्या काळातल्या महंताले एबीसीडी कोनं शिकवली?’ तर म्हणतो, ‘जाऊ द्या न सर, वाचकाले काय समजते!’ वाचक समोरच बसली होती.

आणि हे कुठं, तर विदर्भात! महानुभाव पंथाचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून सकळ, सुंदरी अशा लिप्या वापरल्या. सकळ लिपीत मुळात एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह, एवढंच. तरी बाहेरच्यांना ती शतकानुशतकं वाचता आली नाही, इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ती उलगडली ती थेट विसाव्या शतकात. आकडेच हवे असतील तर अंकपल्लवी ही आकड्यांची सांकेतिक लिपी आहे: आधी वर्गाचा आकडा, मग वर्गातल्या अक्षराचा, मग मात्रेचा. अ-वर्ग पहिला धरला तर ‘स’ होतो 8-3 आणि ‘न’ 5-5. त्यातून ‘सोने’ काढताना वाचकाला थोडा घाम फुटतो, आणि फुटला पाहिजे.

ॲपमधून संकेत काढून चिकटवणाऱ्यांची बाडं मी परत करतो. स्वतःचा संकेत मी पेन्सिलीनं आखीव कागदावर मांडतो आणि किल्ली न सांगता बायकोला देतो. चहा उकळेपर्यंत सुटला तर फार सोपा. कितीही दिवस सुटलाच नाही, तर मी तो फाडतो.

छापायच्या वेळी संकेताची पानं स्वतः तपासा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, आणि मुद्रितशोधक तुमचा संकेत ‘शुद्ध’ करून ठेवतो.

हेमाडपंती देऊळ दिसलं की मोडीत शिलालेख कोरू नका. मोडी मुख्यतः कागदावर भरभर लिहायची लिपी; ती वाड्यातल्या दप्तरात शोभते.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे इल्युमिनाती. 1 मे 1776 ला बव्हेरियात इंगोलश्टाटला ॲडम वाइसहाउप्टनं ही संघटना काढली आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या सरकारनं बंदी घातली. पोरांच्या बाडात ती मंडळी वर्धेकडच्या बंद जिनिंगमध्ये अमावास्येला काळे झगे घालून काय करतात? आणि गावाला पत्ता नाही? आमच्याकडे परक्या नंबरची मोटरसायकल वळली तरी पारावर चर्चा होते. गावातलं मंडळ लपवायचं तर उघड्यावर लपवा: भजनी मंडळ, पतसंस्था, भिशी. लोक रोज बघतात आणि तरी विचारत नाहीत, अशी जागा. मग सभासद कोण, पैसा कुठून, फुटला त्याचं काय होतं, एवढं एका पानावर लिहा. ते जमत नसेल तर झगे शिवू नका.

जिवंत पंथाला खलनायक करू नका. आळस आहे तो, आणि माणसं दुखावतात.

शेवटी हंडा सापडतो आणि नायक तो गाडीत टाकून नागपूरला निघतो. अरे, 1878 चा निखात निधी कायदा आहे! दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. म्हणजे हंडा निघाल्यावर अर्ज, पंचनामा, मोजणी, मालकीचे दावे, आणि त्या प्रत्येक टेबलावर तुमच्या मंडळाचा एक माणूस बसवता येतो. ही प्रकरणं लिहायचा कंटाळा येतो म्हणून पोरं नायकाला गाडीत बसवतात.