लाइन असेल तेव्हाच या

मी ब्लाउज शिवते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात, घराच्या ओसरीत. सध्याची मशीन माझी चौथी, आणि चारही जुन्याच घेतलेल्या. आधीच्या तीन विकल्या त्याही मोबाइलवरूनच. मधे एक कूलर, एक फवारणीचा पंप, नवऱ्याची गाडी, पोरीचा पाळणा असं बरंच काही याच वाटेनं आलं आणि गेलं. म्हणून आता गल्लीतल्या बायांना काही विकायचं असलं की त्या माझ्याकडे येतात. "तुह्या मोबाइलवर टाक नं वो माय." टाकते. पण टाकणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

फोटो सकाळी आठ-नऊ वाजता अंगणात काढा. ओसरीच्या अंधारात काळी मशीन म्हणजे नुसता काळा डाग दिसतो. आणि गंज असेल तर दिसू द्या. पहिल्या मशीनच्या वेळी मी पायडलचा गंजका भाग सोडून फोटो काढले होते. दिग्रसहून माणूस आला, खाली वाकला, "हे तं फोटोत नोतं बाई," म्हणाला आणि तिथल्या तिथे ५०० रुपये तोडले. गंज आधीच दाखवला असता तर तो मनात भाव धरूनच आला असता. आता मी सगळ्यात खराब भागाचाच एक फोटो जवळून काढून टाकते. फोन कमी येतात, पण येणारा घ्यायलाच येतो. मागे घराची पाटी, भिंतीवर लिहिलेला मोबाइल नंबर, खेळणारी पोरं येऊ देऊ नका. पत्ता तालुक्यापुरता पुरे, गावाचं नाव गिऱ्हाइक पक्कं झाल्यावर सांगा.

मग मेसेज सुरू होतात. "आहे का?" "लास्ट किती?" रात्री अकराला नुसतं "हाय". ज्याला खरंच घ्यायचं असतं तो वस्तूबद्दल विचारतो: मोटर आहे का, स्टँड लोखंडी आहे का, कधी येऊ. बाकीच्यांना उत्तर देत बसू नका, "हाय"वाल्यांना तर सरळ ब्लॉक करा. जिथे नंबर लपवता येतो तिथे लपवा. येणाऱ्याला मी दुपारची वेळ देते, तेव्हा सासूबाई ओसरीत गहू निवडत बसलेल्या असतात. त्या काही बोलत नाहीत, पण अनोळखी माणसाकडे चष्म्यावरून बघण्याची त्यांची पद्धत कुठल्याही कुलपापेक्षा भारी आहे. मोटरची मशीन, कूलर, पंपाचा चार्जर असं काही असेल तर मी एकच अट घालते: लाइन असेल तेव्हाच या. चालू करून दाखवल्याशिवाय मी विकत नाही, आणि चालू झाल्याशिवाय घेत नाही.

आता माझा गाढवपणा सांगते. पाळणा विकायला ठेवला होता, ३५०० सांगितले होते. अर्ध्या तासात एकाचा फोन आला, हिंदीत. फौजी आहे, पुलगावला पोस्टिंग आहे, बदली होणार, बाळ लहान आहे. कार्डाचा फोटोही पाठवला. घासाघीस केलीच नाही, "पैसे आत्ता पाठवतो, पाळणा माझा माणूस नेईल." तिथेच कळायला पाहिजे होतं. आपल्याकडे पाच रुपयांच्या सांभारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, घासाघीस होते, आणि हा ३५०० च्या वस्तूला न बघता हो म्हणतो! आधी त्यानं एक रुपया पाठवला, "खातं बरोबर आहे का बघायला." तो आला. मग एक क्यूआर कोड पाठवला, "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." मी पिन टाकला. २००० गेले. तो म्हणाला, चुकून झालं, परत एकदा करा म्हणजे दोन्ही मिळून येतील. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

तेव्हा हे घोकून ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. पिन लागतो पैसे पाठवायला, नाहीतर खात्यात किती आहेत ते बघायला. पिन मागितला की फोन ठेवा. आणि गेलेच, तर त्याच मिनिटाला १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तर ते थांबवता येतात. मी लाजेपायी रात्रभर कुणाला सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. तोवर पैसे कधीच काढले गेले होते.

समोर उभा राहून फोनपे दाखवणाराही सगळा खरा असतो असं नाही. त्याच्या मोबाइलवरचं हिरवं टिक बघू नका, तसं चित्र बनवता येतं. आपल्या खात्यात बघा. आमच्याकडे टॉवर मिळत नाही, म्हणून मी गच्चीवर जाऊन बघून येते आणि मगच वस्तूला हात लावू देते. लोक थांबतात. घेताना याच्या उलट: वस्तू न बघता गाडीभाड्याचा, पार्सलचा ॲडव्हान्स कुणालाही द्यायचा नाही.

माझं खरं ज्ञान मशीनचं. जुनी घ्यायला जाताना पर्समध्ये तीन गोष्टी ठेवा: १४ नंबरची नवी सुई, लाल आणि पांढरा असे दोन दोरे, आणि सुती कापडाचा तुकडा. आधी पट्टा काढून चाक हातानं फिरवा. जड लागलं तर लगेच नाकारू नका, बऱ्याच घरी मशीनमध्ये गोडंतेल घालतात, ते वाळून चिकट होतं. मशीनचं तेल सोडून चार फेरे मारले की बऱ्याचदा मोकळी होते. फिरताना एकाच जागी अडकत असेल तर मात्र आत काहीतरी वाकलंय किंवा तुटलंय. सुई ज्यात बसते तो दांडा दोन बोटांत धरून हलवा, डावी-उजवीकडे खुळखुळला तर झीज झालेली आहे. बॉडीला वेल्डिंगची रेघ दिसली तर उठून घरी या.

मग आपली सुई लावा, वर लाल, बॉबिनमध्ये पांढरा दोरा, आणि कापड दुहेरी करून शिवा. वरून पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, जास्त आवळलंय, खालून लाल दिसले तर ते ढिलं आहे. हा दोष नाही, स्क्रूचं काम आहे. पण विकणाऱ्याला ते माहीत नसेल तर... बाकी तुम्ही समजदार आहात. टाके सुटत असतील तर जुन्या सुईनं आणि नव्या सुईनं असं दोन्हीनं बघा. माझी तिसरी मशीन मला ३२०० ला मिळाली ती याच कारणानं, बाईला वाटत होतं मशीन गेली, गेली होती ती १० रुपयांची सुई. काळीपिवळी जीपच्या टपावरून आणायचे १५० वेगळे. भाव ठरवताना हे आणायचे पैसे आधीच धरा, कूलरला तर छोटा हत्ती लागतो आणि मग स्वस्त वस्तू स्वस्त राहत नाही.

शिंपीकाम करत असाल तर जुनी घेण्याआधी पीएम विश्वकर्मा योजनेत बसता का ते बघून घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, १८ कामधंद्यांत शिंपी आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. आणि "मोफत शिलाई मशीन, फॉर्म भरा" अशा लिंका ग्रुपवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

वेळ साधणं हा अर्धा धंदा आहे. कूलर मार्च-एप्रिलमध्ये विका आणि पाऊस सुरू झाल्यावर घ्या. मी ऑगस्टमध्ये १८०० ला घेतला, तोच एप्रिलमध्ये माणूस ३००० ला सोडत नव्हता. टाकीचा तळ किल्लीनं टोकरून बघा, पापुद्रे निघाले तर सोडा. बाजूच्या गवताच्या ताट्या तर नव्या घ्याव्याच लागतात. पत्र्याचा कूलर असेल तर घरी आणून आधी अर्थिंग करा, मगच पाणी भरा. फवारणीचा बॅटरी पंप कापूस वेचणीच्या दिवसांत स्वस्त मिळतो, पण बॅटरी उन्हाळाभर चार्ज न करता ठेवलेली असेल तर ती मेलेली असते, पाणी भरून निदान तासभर चालवून बघा. मशीन विकायची तर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी (आपल्याकडे त्या उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात), नाहीतर वेचणीचे पैसे बायांच्या हातात आल्यावर. पेरणीच्या तोंडावर मशीन सोडून बाकी काही विकायला काढू नका, तेव्हा कुणाकडेच जास्तीचा पैसा नसतो.

मोबाइलचं थोडक्यात. घेताना *#०६# दाबून त्या मोबाइलचा स्वतःचा १५ आकडी नंबर (आयएमईआय) काढा, के, वाय, एम ही इंग्रजी अक्षरं लिहून जागा सोडून तो नंबर १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. विकताना आधी गूगल खातं काढा, मग सगळं पुसा. क्रम उलटा झाला तर मोबाइल तुमचंच जुनं खातं मागत राहतो आणि घेणारा तुमच्या दारात उभा.

गाडी मात्र कागदांनीच विकायची. माझ्या भावानं गाडी दिली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, आणि "तो करून घेईल नावावर" म्हणून विसरला. वर्षभरानं नागपूरचं चलन त्याच्या मोबाइलवर आलं, हेल्मेट नाही म्हणून. नशीब, चलनच होतं. अपघात झाला असता तर भरपाईसाठी रजिस्टरवर ज्याचं नाव त्यालाच मालक धरतात, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये तसं सांगितलेलं आहे. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेताना एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी मशीन मी मागच्या जूनमध्ये विकायला काढली. नेरहून एक पोरगी आईला घेऊन आली, नुकताच शिवणक्लास झालेली. नेमकी लाइन गेली. मी म्हटलं, थांबता का? "राहू द्या नं ताई, पायानंच पाह्यतो," म्हणाली, आणि पर्समधून दोन दोरे काढले. लाल आणि पांढरा. शिवून कापड उलटं केलं, मला दाखवलं. खाली लाल ठिपके. आदल्या दिवशी माझ्या पोरीनं स्क्रू फिरवला होता बहुतेक. मला माहीत होतं ते स्क्रूचं काम आहे. तिलाही माहीत होतं, पण ती गप्प राहून माझ्याकडे बघत बसली. सासूबाई चष्म्यावरून बघायचं सोडून हसायला लागल्या.

३०० कमी केले.