सेकंडहँड पोकलेनवर सेन्सरचा कोड आला, तर आधी मीटर लावा

डिस्प्लेवर कोड आला की सेन्सर मागवायचा आणि नव्या सेन्सरनंतरही तोच कोड आला की ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, संशय घ्यायचा, ही सवय जुन्या मशीनवर फार महागात पडते. कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर, कनेक्टर, वायर, अर्थ (अर्थिंग) आणि शेवटी ईसीएम, एवढं सगळं येतं. वापरलेल्या मशीनवर आधी दगा देतात ते वायर आणि कनेक्टर.

मशीन बघायला सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. सगळ्या कोडचे फोटो काढा: चालू कोड वेगळे, मेमरीतले वेगळे, सोबत किती वेळा आला आणि कुठल्या तासाला आला ते. लगेच काहीही डिलीट करू नका. मेमरी अगदी कोरी असेल तर कोड नुकतेच पुसलेत असं धरून चला.

त्याच वेळी स्कॅनरवर तापमानं बघा. रात्रभर उभ्या मशीनचं कूलंट, इनटेकची हवा, डिझेल आणि हायड्रॉलिक ऑइल साधारण एकाच तापमानाला असतं. फरक चार-पाच अंशांपर्यंत चालतो. एखादं दहा-पंधरा अंशांनी बाजूला पडलं तर ते सर्किट तपासा. कूलंट थंड इंजिनवरही 75 दाखवत असेल आणि आकडा हलतच नसेल, तर सेन्सरच्या जागी रेझिस्टर टाकून कोड दाबलेला असू शकतो. अशा मशीनचं हेड आणि रेडिएटर बारकाईनं बघितल्याशिवाय सौदा करू नका.

बूस्ट प्रेशरची, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या दाबाचीही अशीच सोपी परीक्षा आहे. बंद इंजिनवर ॲब्सोल्यूट रीडिंग बाहेरच्या हवेइतकंच यायला हवं: सांगलीत सुमारे 95 किलोपास्कल, साताऱ्यात 93, महाबळेश्वरात 86 च्या आसपास. तिथे 60 किंवा 130 दिसलं तर टर्बोला हात लावू नका, दोष सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. स्कॅनर गेज प्रेशर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवत असेल तर शून्य यायला हवं.

आता कोड वाचा. एसपीएन म्हणजे कुठलं सर्किट: 100 इंजिन ऑइल प्रेशर, 102 बूस्ट, 110 कूलंट तापमान, 157 रेल (इंजेक्टरकडच्या डिझेलचं) प्रेशर, 190 इंजिनचा वेग. खरी माहिती मात्र पुढच्या एफएमआयमध्ये, म्हणजे दोषाचा प्रकार सांगणाऱ्या आकड्यात असते. 3 म्हणजे व्होल्टेज जास्त, 4 म्हणजे कमी. हे दोन्ही विजेचे दोष. 5 आणि 6 बहुधा सोलेनॉइड, इंजेक्टर यांच्या करंटचे: 5 ला सर्किट तुटलेलं, 6 ला अर्थ झालेलं. 2 म्हणजे सिग्नल भरवशाचा नाही, बहुतेकदा लूज कनेक्शन. 0 आणि 1 आले तर मात्र ईसीएमला सिग्नल पटलेला आहे, आकडाच मर्यादेबाहेर आहे. म्हणून 100-1 (एसपीएन 100, एफएमआय 1) दिसला की इंजिन लगेच बंद करा, मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर मोजा, मगच पुढे जा. 100-4 असेल तर मीटर हातात घ्या. काही कंपन्यांचे कोड वेगळ्या पद्धतीचे असतात, तिथे त्या मॉडेलचं पुस्तकच लागतं.

मीटर आधी बॅटरीवर. 24 व्होल्टच्या मशीनला उभ्यानं 25 च्या आसपास आणि चालू इंजिनवर साधारण 27.5 ते 28.5 हवेत. बॅकहो लोडर बऱ्याचदा 12 व्होल्टचे असतात, त्यांना हे आकडे निम्मे करा. मग मीटरचं एक टोक बॅटरी निगेटिव्हला आणि एक इंजिन ब्लॉकला लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची पट्टी काढून घासा. खराब अर्थमुळे एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकदम येतात.

नंतर कनेक्टर, आणि इथे घाई नको. उघडून उजेडात धरा. पिन हिरवट झाली आहे का, मागे सरकली आहे का, रबर सील जागेवर आहे का? प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात राबलेल्या मशीनमध्ये पिना हिरव्या पडतात. उसाच्या फडाकडेला उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी सापडतात. सांगलीकडच्या मशीनला एक जादा तपासणी हवीच: 2019 किंवा 2021 च्या महापुरात ते बुडालं होतं का? रंग नवा मारता येतो, पण हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) पन्हाळी नळीत, फ्यूज बॉक्सच्या तळाशी आणि सीटखाली सुकलेला गाळ राहतोच. गाळ दिसला तर पूर्ण हार्नेसचा खर्च भावातून वजा करा. विक्रीआधी प्रेशर पंपानं धुतलेल्या मशीनवरही पाणी शिरून कोड येतात. ते आधी वाळू द्या.

तीन वायरींचा प्रेशर सेन्सर असेल तर कपलर (कनेक्टर) काढा, चावी ऑन ठेवा आणि हार्नेसच्या बाजूला मोजा. एका पिनवर 4.75 ते 5.25 व्होल्ट हवेत, अर्थच्या पिनवर 0.1 पेक्षा कमी. कपलर लावून सिग्नल साधारण 0.5 ते 4.5 च्या मध्ये येतो. पाच व्होल्टच मिळत नसतील आणि तीन-चार सेन्सरचे कोड एकत्र असतील तर सगळ्यांचा पुरवठा एकच आहे आणि कुणीतरी एक तो खाली ओढतोय. एकेक सेन्सर काढत जा. ज्याला काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, दोष तिथेच. एकही काढून परत आले नाहीत तर वायर कुठेतरी बॉडीला घासली आहे.

दोन वायरींच्या तापमान सेन्सरची चाचणी आणखी सोपी आहे. कपलर काढला की एफएमआय 3 यायला हवा, हार्नेसच्या दोन्ही पिना तारेनं जोडल्या की 4. कोड असा बदलला तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर बदला. बदलला नाही तर नव्या सेन्सरवर पैसे घालू नका. ईसीएमच्या पिनांवर टेस्ट लॅम्प कधीच लावू नका.

मॉड्यूलचं आपसात बोलणंच बंद झाल्याचे कोड असतील तर बॅटरी काढून कॅनच्या, म्हणजे मॉड्यूलना आपसात जोडणाऱ्या, दोन वायरींमध्ये ओहम मोजा. नऊ पिनांच्या गोल सॉकेटवर त्या सी आणि डी. 60 बरोबर, 120 म्हणजे एक टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) किंवा मधली वायर तुटलेली, शून्याजवळ म्हणजे शॉर्ट.

दुरुस्तीनंतरच कोड पुसा. मग अर्धा-पाऊण तास भरलेल्या बकेटनं काम करा, स्विंग द्या, बूम पूर्ण वर-खाली करा आणि ऑइल गरम झाल्यावर हार्नेस ठिकठिकाणी हलवा. बूमच्या पायथ्याशी आणि सेंटर जॉइंटजवळ तुटक वायर त्याच वेळी पकडली जाते. खाणीवर बकेटला वेल्डिंग मारायचं असेल तर आधी बॅटरी काढा, ईसीएमचे कपलर काढा आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या शेजारीच लावा.