चुरचुरणाऱ्या त्वचेला आधी विश्रांती द्या

दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर गाल लाल होऊन चुरचुरू लागल्याची तक्रार इंदूरच्या आमच्या घरात अनेक वर्षे ठरल्यासारखी होत असे आणि त्यावरचे उत्तरही ठरलेले होते: यंदा उटणे भरड आले. पुढच्या वर्षी उटणे वस्त्रगाळ करून घेतले, तरी गाल लाल झालेच. उशिराने लक्षात आले ते असे की, कडकडीत पाणी, साबण, उटण्यातील सुगंधी द्रव्ये आणि त्यावर लगेच लावलेले वासाचे क्रीम या चौघांना त्वचेला त्या एकाच पहाटे तोंड द्यावे लागत होते आणि आम्ही त्यांपैकी एकालाच दोषी धरत होतो. संवेदनशील त्वचेच्या बाबतीत ही चूक सर्रास होते, म्हणून पुढील पद्धत क्रमाने पाळावी.

प्रथम शब्दाचा अर्थ. खाजेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, ज्या गोष्टींनी एरवी काहीही होऊ नये अशा गोष्टींनी आग, टोचणी, खाज किंवा मुंग्या येणे म्हणजे संवेदनशील त्वचा. त्वचा दिसायला अगदी साधी असू शकते, त्यामुळे ‘दिसत तर काहीच नाही’ असे म्हणून घरातल्या कोणाची तक्रार उडवून लावू नये. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो आणि पेशींच्या या विटांमधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले. हा चुना झिजला की आतले पाणी उडून जाते, बाहेरची द्रव्ये आत शिरतात आणि तिथल्या मज्जातंतूंची टोके उगाचच जागी होतात. मिरची चिरल्यावर हाताला जी आग होते, ती याच टोकांवरील उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींमुळे. संवेदनशील त्वचेत ती थोड्या कारणानेही चेततात.

म्हणून पहिले चार आठवडे फक्त वजाबाकी करावी. वरचा थर नवा व्हायला साधारण इतकाच काळ लागतो. या काळात चेहऱ्यासाठी तीनच वस्तू ठेवाव्यात: सौम्य, बिनवासाचा क्लीन्झर, साधे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. सीरम, स्क्रब, टोनर, मुलतानी माती, डाळीच्या पिठाचा लेप, सगळे कपाटात. घरचे आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. लिंबाचा रस तीव्र आम्ल असतो, शिवाय तो लावून उन्हात गेल्यास त्यातील फ्युरोकुमॅरिन द्रव्यांमुळे काळे डाग पडतात. बेकिंग सोडा याच्या उलट अल्कधर्मी, म्हणून तोही नको.

आंघोळीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण निम्मे नुकसान तिथेच होते. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो आणि साध्या साबणाचा ९ ते १०. त्यात आपल्याकडचे पाणी. नर्मदेचे पाणी आले की ठीक, पण ते पुरत नसल्याने अनेक वसाहतींत बोरिंगचे पाणी टाकीत मिसळते. नळाच्या तोंडाशी पांढरी पापुद्रे धरणारी पुटे दिसत असतील, बादलीत साबण फेसाळायच्या ऐवजी दह्यासारखा फाटत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून जो चिकट साका तयार होतो, तो अंगावरून सहज निघत नाही. अशा घरात साबणाऐवजी सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी, वापरावा, तो जड पाण्यातही साका धरत नाही. पाण्याची ऊब बाळाच्या आंघोळीसाठी आई पाहते तशी कोपर बुडवून पाहावी. कोपराला ते ना गरम ना गार वाटले पाहिजे. पाच ते दहा मिनिटांत आंघोळ आटपावी, टॉवेलने घासू नये, अंग टिपावे आणि ते ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावावे.

माळव्याच्या पठारावर हवा थंडीत आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये कोरडी असते, त्यामुळे एकच क्रीम बाराही महिने चालेल अशी अपेक्षा करू नये. थंडीत साधी पांढरी पेट्रोलियम जेली स्वस्त आणि उत्तम. उन्हाळ्यात तीच चिकट वाटते, घामोळेही उठू शकते, म्हणून तेव्हा पातळ लोशन घ्यावे. डब्यावर ‘अनसेंटेड’ लिहिले म्हणजे सुगंधी द्रव्य नाहीच असे नव्हे, कधी मूळ वास झाकण्यासाठीच ते घातलेले असते. घटकांच्या यादीत ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ आहे का, ते वाचावे. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचे, एसपीएफ ३० किंवा अधिक. चेहरा व मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके.

चार आठवड्यांनंतर एकेक वस्तू परत आणावी. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी ती दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावावी (धुवून टाकायच्या वस्तू नेहमीइतका वेळच ठेवाव्यात) आणि काही झाले नाही तरच चेहऱ्याकडे वळावे. एका वहीत तारीख, वस्तू, आग किंवा खाज किती वेळ टिकली, त्या दिवशी ऊन-घाम किती, एवढे लिहावे. स्मरणशक्तीवर विसंबू नये. माझ्या मानेमागच्या चट्ट्याचे खापर मी सहा महिने शाम्पूवर फोडत होते, वही पाहिल्यावर कळले की तो लग्नसराईतच उठतो. कारण होते खोट्या साखळीच्या आकड्यातील निकेल.

जागा पाहून अनेकदा कारणाचा अंदाज येतो. कपाळाच्या मधोमध खाज असेल, तर टिकलीचा गोंद. त्यातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉलमुळे तिथे कायमचा पांढरा डागही पडू शकतो, म्हणून टिकली ताबडतोब थांबवावी. कानामागे आणि केसांच्या कडेला सूज असेल, तर केसांचा रंग. काळी मेंदीही त्याच जातीची, कारण दोन्हींत पॅरा-फिनिलीनडायअमीन असते. चेहरा, मान आणि कोपरांचे खळगे अशा उघड्या जागी बाहेर फिरल्यावर चट्टे उठत असतील, तर रिकाम्या प्लॉटवरील गाजरगवताचा संशय घ्यावा.

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, जायचेच असेल, तर आधी पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा, पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे घालावेत आणि घरी आल्यावर कोरडा रंग झटकून मग भरपूर साध्या पाण्याने धुवावे. रॉकेल किंवा घासणी वापरून रंग त्याच दिवशी काढण्याचा हट्ट धरू नये, दोन दिवस गुलाबी कान चालतात.

आता एक ठाम इशारा. शेजारणीने सांगितलेली किंवा दुकानदाराने हातावर ठेवलेली ‘गोरेपणाची’ वा ‘खाजेची’ ट्यूब चेहऱ्याला लावू नये. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिले असेल, तर ते स्टेरॉइड आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न देण्याच्या औषधांत घातली, तरी ती अजूनही सहज हाती पडतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात आणि मलम सोडले की आग दुपटीने होते. जी व्यक्ती ते महिनोन्‌महिने लावत आहे, तिने स्वतःच्या मनाने एकदम न थांबता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. फोड, स्राव, ताप, किंवा चार आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही न थांबणारी आग असेल, तर इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा आपल्या तज्ज्ञांकडे जावे. तिथे गरज वाटल्यास पाठीवर पॅच टेस्ट, म्हणजे संशयित द्रव्यांची चाचणीपट्टी, लावतात, ती ४८ तास भिजू द्यायची नसते आणि नंतरही एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावी लागते. जाताना ती वही आणि वापरातल्या सगळ्या डब्या-ट्यूबा पिशवीत घालून न्याव्यात, टिकलीच्या पाकिटासकट.