खेड्यातल्या शाळेवरचा विनोदी चित्रपट: कथानक कसं बांधाल
आधी एक खोटं ठरवा. पट घटल्यामुळे शाळा बंद पडणार, म्हणून मास्तर हजेरीत नसलेली मुलं दाखवतात. एवढं पुरे. दोन तासांच्या पटकथेची साधारण 120 पानं होतात. हे खोटं पहिल्या 12 ते 15 पानांतच घडू द्या. गावाची ओळख त्याच धांदलीत होते, तिला वेगळी पानं लागत नाहीत.

बहुतेक पटकथा मध्यावर ढेपाळतात, कारण प्रसंग सुटे असतात. गमतीशीर, पण कुठलाही उचलून कुठेही ठेवता येईल असे. प्रत्येक प्रसंगातून पुढची अडचण निघायला हवी. पट फुगवला, म्हणून तपासणीसाठी शेजारच्या गावातून मुलं उसनी आणली. साहेब तर आदल्याच दिवशी त्या गावची शाळा तपासून आलेले! साठाव्या पानाच्या आसपास खोटं यशस्वी करा: वाढत्या पटासाठी नवी इमारत मंजूर. आता माघार अशक्य.

साहेबांना मूर्ख करू नका, धाकधूकच संपते. फुटक्या घंटेसारखा विनोद तीनदा वापरा, तिसऱ्यांदा उलटवून. शेवटी सगळ्यांना एकाच वर्गात कोंडा आणि कबुली मास्तरांच्याच तोंडून येऊ द्या. योगायोगाने बिंग फुटलं तर शेवट पोकळ वाटतो.